नावाच्या फळ्या

“आर्मिंडा, तू मेलीस कधी गं? कळवायचं तरी. मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो असतो.”

व्हर्जिल फोनवर एवढं बोलला आणि आपल्याच विनोदाला खो खो हसला. आर्मिंडा तेव्हा औषधांच्या दुकानात रांगेत उभी होती, वृद्धाश्रमातल्या आईच्या गोळ्या घ्यायला. बाहेर सिनसिनाटीच्या चढावर बस धापा टाकत चालली होती आणि एप्रिलचं ऊन काचेतून आत येऊन खोकल्याच्या बाटल्यांवर बसलं होतं. व्हर्जिल तिचा लांबचा भाऊ. खापरपणजोबा एक, एवढंच काय ते नातं. पण मेलेल्या माणसांच्या ओढीनं दोघं जवळ आली होती. तो वर पॉपॉ ओढ्याकडे राहायचा, ट्रेडवे घराणं जिथं पहिल्यांदा उतरलं त्या मुलखात, आणि रविवारी चर्च चुकवून रानात बुजलेली जुनी थडगी मोकळी करायचा. सापडलं नाव की लगेच हिला फोन. तीही हसली. म्हणाली, “बरं, सापडले कुठे मी?”

“टेकाडावर. ओबेडबाबांच्या थडग्यापलीकडं, सीडरच्या झाडाखाली. निळ्या फुलांची वेल माजलीय तिथं. ती ओढली तर खाली तू. आर्मिंडा ट्रेडवे. वर्षंबिर्षं वाचता येत नाहीत, शेवाळ बसलंय.”

“अरे, आपल्यात आर्मिंडा काय कमी झाल्या? त्यातलीच एखादी असेल.”

“ते पाठ आहे मला, बाई. तुझं व्याख्यान ऐकलंय मी, नंतरच्या ॲपल-पायच्या आशेनं का होईना. पण हा दगड नाहीये गं. सिमेंट आहे.”

सिमेंट. तिचं हसू ओठावर राहिलं, आतून मात्र कुणीतरी ते काढून घेतलं. त्या टेकाडावरची माणसं वालुकाश्माखाली झोपलेली, काही संगमरवराखाली. सिमेंट म्हणजे फार पुढचं मरण, आणि गरिबाचं. पण पहिल्या महायुद्धानंतर तिथं कुणालाच पुरलेलं नाही, असं तिनं स्वतः छापून दिलं होतं. काउंटरपलीकडची मुलगी म्हणत होती, “पुढे या. कुणाच्या गोळ्या?” आर्मिंडानं आईचं नाव सांगितलं, ऑपल ट्रेडवे. जन्मतारीख सांगितली. “आणि तुम्ही त्यांच्या कोण?” “मुलगी.” “तुमचं नाव?” इतका साधा प्रश्न. बँकेत, दवाखान्यात, मतदानाला, किती वेळा विचारला गेलेला. ती मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मागचा म्हातारा काठी आपटून म्हणाला, “सांगा की बाई, की तेही घरी विसरलात?”

गोळ्यांची पिशवी घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. बस आली, दार उघडून थांबली, गेली. आर्मिंडाचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला, लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि हातआरसा पुढे धरून विचारायचं, “पाहा, तुमच्यासारखे दिसता का?” निवृत्तीनंतर हे घराण्याचं वेड लागलं. आधी वेळ जावा म्हणून, मग त्याखेरीज वेळ जाईना म्हणून. ओबेड आणि टेमार ट्रेडवे ओहायो नदीतून चपट्या बुडाच्या नावेतून आले. त्या नावा प्रवाहाबरोबर खाली यायच्या, उलट जायच्या नाहीत. म्हणून माणसं काठाला लागली की नाव मोडायची. नावेच्या फळ्यांचीच जमीन घालायची, नावेच्या फळ्यांचंच दार. ओबेडनं त्यातल्या उरल्या फळ्यांचा पाळणा केला, आणि टेमारनं त्या पाळण्यावर म्हटलेलं गाणं सासू-सुनांच्या तोंडून थेट आर्मिंडाच्या आईपर्यंत आलं:

नाव लागली तीराला, फळी काढा गं एकेक
एका फळीचा पाळणा, त्यात निजली माझी लेक

पुढचं कडवं आईला कधीच आठवत नसे. लहानपणी आर्मिंडा हट्ट करायची, “पुढं म्हण ना.” आई म्हणायची, “पुढं नाही. एवढंच आहे.” आणि दिवा मालवायची. पुढं काहीतरी आहे हे मुलीला कळायचं. गाणं असं मध्येच थांबत नाही. पाण्यात पाय बुडवून कुणी उभं राहावं, तसं ते तिथं उभं राहिलेलं असायचं, आणि अंथरुणात ती त्याच्या पुढच्या पावलाची वाट बघत झोपून जायची.

टेमारच्या लेकींचा घोळ आर्मिंडानंच सोडवला होता. तिच्या आधीच्या शोधकांनी ओबेडच्या घरात आर्मिंडा नावाची एकच मुलगी धरलेली, आणि मग तिचं वय काही केल्या जमेना. कुठं ती पाळण्यात असायला हवी तिथं सूत कातायची, कुठं लग्नाच्या वयाची असायला हवी तिथं दुधाचे दात पडायचे. लोक म्हणायचे, जुन्या काळी लिहिण्यात चुका व्हायच्याच. आर्मिंडानं टेकाडावर गुडघे टेकून, चष्म्याच्या दुकानातला हातआरसा तिरपा धरून, झिजल्या दगडांवर उन्हाचा कवडसा पाडून वाचलं. उन्हानं आडवं झोंबल्याशिवाय जुनी अक्षरं उठून बसत नाहीत. तेव्हा कळलं की ही एक मुलगी नव्हेच. पहिली आर्मिंडा तापानं गेली, पुढच्या मुलीला तिचंच नाव दिलं. तीही गेली, तेव्हा तिसरीला. तिसरी जगली, म्हातारी झाली, तिच्या भावांचा वंश आज ओहायोभर पसरलाय. एकाच नावाखाली तिघी जणी एकमेकींच्या अंगावर झोपल्या होत्या, आणि वंशावळी करणाऱ्यांनी त्यांना एक समजून घेतलं होतं. चर्चच्या तळघरात तिनं यावर व्याख्यान दिलं. लोकांनी घरून हॅम, बटाटे, पातेलंभर भाजलेला घेवडा आणलेला. ती टेबलाच्या कडेला टेकून म्हणाली, “हे लोक काटकसरी. नाव मोडली तरी फळी टाकायचे नाहीत. तसंच लेकराचं नाव. मूल गेलं म्हणून नाव फुकट घालवायचे नाहीत.” सगळे हसले. व्हर्जिल तर फारच हसला.

आई शेवटच्या रांगेत बसलेली होती. हसण्याचा आवाज विरायच्या आत तिनं कोट घातला. सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत, तळघरात एवढी ऊब असताना.  गाडीत घरी येताना पुलावर म्हणाली, “त्या टेमारला विचारलंस का, हाक मारताना घशात काय होत होतं?” आर्मिंडा म्हणाली, “आई, तेव्हा अर्धी मुलं जायचीच. सवय असायची त्यांना. आपल्याइतकं लागत नसेल.” आई खिडकीतून नदीकडे पाहत म्हणाली, “हो. नसेल लागत.” इतकंच. त्या वेळी आईची स्मृती शाबूत होती. आर्मिंडाला वाटलं, म्हातारीला माझं कौतुक झालेलं सोसत नाही. असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. प्रत्येक बक्षिसाला, नव्या फ्रॉकला, पहिल्या पगाराला आई एक क्षण उशिरा हसायची. आधी कुणाकडे तरी पाहून आल्यासारखी.

बाकावर बसल्या बसल्या हे सारं तिच्या अंगावर असं आलं, की जणू कुणी खोलीतलं सामान तेच ठेवून खिडकी दुसऱ्या भिंतीत नेली. तिच्या शोधाचा एक नियमच होता, सगळ्यांचाच असतो: जिवंत माणसांच्या चौकटी रिकाम्या ठेवायच्या. वरच्या सगळ्या पिढ्या नावांनी, तारखांनी गच्च, आणि तळाशी आई, ती, यांच्या जागी कोरे चौकोन. आपलं घर काय शोधायचं? ते माहीतच असतं. शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ मोजणाऱ्यानं आपल्या विहिरीचं पाणी न बघता प्यावं, तसं ती प्यायली होती.

आणि वडील. हॉलिस ट्रेडवे. तिच्या जन्माआधीच पॉपॉ ओढ्याकडची शेती विकून शहरात आले होते. इथं ते पायवाटा घालायचे, लोकांच्या दारापुढच्या सिमेंटच्या. तंबाखू आणि ओल्या सिमेंटचा वास म्हणजे वडील. एका उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या दारापुढची वाट घातली आणि खिळा तिच्या हातात देऊन म्हणाले, “लिही, मुकादम. सही कर.” शाळेत मैत्रिणी तिला मिंडी म्हणायच्या, आर्मिंडा फार लांबलचक, आजीबाईंचं वाटायचं. तिनं जीभ बाहेर काढून ओल्या सिमेंटात लिहिलं, मिंडी. शेवटचं अक्षर पुरं होतंय तोच आई जाळीचं दार आपटून धावत आली. अनवाणी. गुडघ्यावर बसली आणि दोन्ही तळव्यांनी ते नाव पुसायला लागली. आधी पुसलं, मग सारखं केलं, मग पुन्हा पुसलं. वडील म्हणत होते, “ऑपल. अगं ऑपल. पोरगी आहे.” आई म्हणाली, “आर्मिंडा म्हणायचं. सगळंच्या सगळं.” सिमेंटनं तिच्या हातांची साल निघाली, कित्येक दिवस मलम लावून पांढऱ्या सुती हातमोज्यांत ती पावाचं पीठ मळायची. त्या वाटेवर तळव्यांचे दोन फराटे कायमचे राहिले. शाळेला जाताना मुलगी त्यावरून उडी मारून जायची. आपल्या वाईट अक्षरामुळे आईला राग आला असंच तिनं ठरवलं होतं, आणि पुढं कित्येक वर्षं अक्षर गिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती नदीकाठच्या रस्त्यानं निघाली. हातआरसा शेजारच्या सीटवर उताणा ठेवलेला. त्यात झाडं, विजेच्या तारा, ढग मागं पळत होते. रेडबडची झाडं पानांआधीच फुलांनी जांभळी झाली होती. नदी मातकट, फुगलेली. ती मनाशी हिशेब जुळवत होती. असेल कुणी चुलत घराण्यातली. नावं काय, सगळ्यांचीच. व्हर्जिलला जुनं सिमेंट आणि नरम दगड यातला फरक कळला नसेल, तो काय, शेणाच्या गोळ्यालाही पूर्वज म्हणेल. ती हे मोठ्यानं म्हणाली आणि तिच्या आवाजानं गाडी भरली, तशी तिला भीती वाटली. साठी उलटून गेलेली बाई, ज्या घराण्याची फांदी आपल्यापाशी संपते त्याच्या मुळाशी निघालेली, आणि मनात देवाची प्रार्थना एकच की तिथं कुणी नसावं.

व्हर्जिल कुंपणापाशी टोपी मागे सारून उभा होता. “ये ये, मयताला मयताच्या माणसानंच उशीर करावा?” म्हणाला. मग तिचं तोंड पाहिलं आणि विनोद गिळून तिचा कोपर धरला. चढावर, ओढ्याला ज्यांचं नाव पडलं त्या पॉपॉच्या झाडांना काळपट लाल कळ्या लोंबत होत्या, त्यांचा कुजका गोड वास येत होता. ओबेड. टेमार. पहिली आर्मिंडा, दुसरी आर्मिंडा, इवले इवले दगड, मेंढीच्या पाठीसारखे. त्यांना ती मैत्रिणींसारखी ओळखत होती. आज त्यांच्यामधून जाताना त्यांनी मान वर करून बघितल्यासारखं झालं. पलीकडं सीडरखाली निळी वेल जमिनीवर अंथरलेली. जंगलात ही वेल दिसली की समजायचं, इथं माणूस झोपलाय. ती आपोआप येत नाही, कुणीतरी हातानं लावलेली असते. कुणी लावली, हा प्रश्न तिनं आजवर एकदाही विचारला नव्हता.

लाडू वळावा तसा हातानं घडवलेला सिमेंटचा ठोकळा होता तो. साच्यातला नाही. कडेला बोटांचे ठसे. व्हर्जिलनं शेवाळ ब्रशानं झाडायला घेतलं, ती म्हणाली, “नको. राहू दे.” ती गुडघ्यावर बसली आणि आरसा धरला. फांद्यांतून आलेलं ऊन आरशावर पडलं, तिथून घसरून ठोकळ्यावर आडवं पसरलं, आणि अक्षरं एकेक करून उठून बसली. खिळ्यानं ओढलेली अक्षरं. आर्मिंडा ट्रेडवे. त्यातला आ मोठा, पाय फाकलेला. तिच्या शाळेच्या डब्यावर, छत्रीच्या मुठीवर, चपला ठेवायच्या खोक्यावर जो आ होता तोच. वडील तो असाच काढायचे, म्हणायचे, “उभा राहिला पाहिजे, पडायला नको.” खाली वर्षं होती: तिच्या जन्माच्या आधी चार वर्षं, आणि तिच्या जन्माच्या आदल्या वर्षाचा ऑगस्ट. त्या उन्हाळ्यात पोलिओची साथ होती, सगळ्या राज्यात होती. आधी मुलांच्या पायांतलं बळ जायचं, मग छातीतलं. हे तिला माहीत होतं, दुसऱ्यांच्या मुलांसाठी माहीत होतं. आणि सगळ्यात खाली, घाईघाईनं, सिमेंट वाळत आल्यावर वडिलांच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या हातानं खरवडलेलं: मिंडी.

“जवळचं कुणी आहे का गं?” व्हर्जिल हळू आवाजात म्हणाला.  बहीण म्हणावं तर दोघी कधी एका घरात नव्हत्या. ही उठून गेली त्याच अंथरुणात ती येऊन निजली. तिनं आरसा खाली घेतला आणि त्यात क्षणभर तिचंच तोंड दिसलं, पांढरे केस, चष्मा, मागे सीडरची काळी फांदी. पाहा, तुमच्यासारखे दिसता का? लहानपणचा तिचा तो कोट तिला आठवला, निळा, तिला आखूड होणारा आणि तरी नवा म्हणून दिलेला. त्याच्या खिशात सापडलेलं, ओहायोतली मुलं खेळायला जमवतात ते बकायचं वाळकं फळ, जे तिनं ठेवलेलं नव्हतं. आईनं ते हातातून हिसकावून एप्रनच्या खिशात टाकलं होतं. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावताना आईचा हात थबकायचा. चौथ्या वाढदिवसाला, हे वडिलांनी पुढं कधीतरी हसत सांगितलेलं, आई टेबलापाशी इतकी रडली होती की केक मिठाचा झाला. का, तर म्हणे मुलगी मोठी झाली म्हणून. मुलगी चार वर्षांची झाली. आधीची आर्मिंडा जिथं थांबली त्या दारातून ही चालत पलीकडे गेली. त्या दिवसापासून आईनं तिच्याकडे पाहताना काय पाहिलं असेल? तोपर्यंत तरी निदान माप जुळत होतं. पुढं ती नुसतीच वाढत गेली, ज्याला वाढायचा हक्क नव्हता अशा नावात.

“चल, खाली चहा घे,” व्हर्जिल म्हणाला. “बायकोनं सकाळपासून ॲपल-पाय भाजून ठेवलाय. मला बोटसुद्धा लावू दिलं नाही, तू येणार म्हणून.” ती नको म्हणाली. उठताना वेलीचा एक तुरा तिच्या बाहीच्या लोकरीत अडकून आला, तिच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या वाटेवर तिला राग यायला हवा होता. तो आला असता तर बरं झालं असतं, राग हे एक घर असतं, त्यात बसता येतं. पण येत होती ती एक विचित्र लाज, दुसऱ्याच्या ताटात जेवून उठल्याची. मग त्या लाजेखालून एक इच्छा वर आली, पोरकट, हट्टी, दिवा मालवल्यावरच्या इच्छेसारखी. तिला आईला एकच विचारायचं होतं. का सांगितलं नाहीस, हे नाही. ते तिला कळत होतं. आयुष्यात एकदा तरी, तू आर्मिंडा म्हणून हाक मारलीस आणि मलाच मारलीस, असं झालं का? एकदा. कुठलीही एक हाक. अंगणातून, जिन्यावरून, न्हाणीतून साबण मागताना. साबण मागतानाची चालेल. आईची स्मृती आता चाळणीतल्या पाण्यासारखी झाली होती, वर्षभरात तिनं कुणालाच नावानं हाक मारली नव्हती. पण चाळणीलाही थेंब चिकटून राहतात. एक थेंब मिळाला असता तरी आर्मिंडा त्याच्यावर उरलेले दिवस काढायला तयार होती.

वृद्धाश्रमात संध्याकाळच्या जेवणाची ताटं फिरत होती. कॉरिडॉरमध्ये उकडलेल्या बीन्सचा वास. दारातली मदतनीस बाई म्हणाली, “आज आजी फार खुशीत हं. सकाळपासून म्हणतायत, कुणीतरी येणार आहे. केस विंचरून घेतले माझ्याकडून, दोनदा. पहिल्यांदा भांग आवडला नाही.” आई खिडकीपाशी खुर्चीत होती. सुकलेल्या मक्याच्या कणसासारखी लहान झालेली, मांडीवर हात, तळवे वर केलेले. त्या तळव्यांवर साल निघून आलेली ती गुळगुळीत, रेषा नसलेली जागा अजून होती. आर्मिंडा समोर स्टुलावर बसली. बोलायला तोंड उघडलं. आईनं पुढं वाकून तिच्या बाहीवरचा निळा तुरा काढला, नाकाशी नेला, ओठांना लावला. मग नजर वर केली. ती नजर आर्मिंडानं कधी पाहिलेली नव्हती. एक क्षणाचाही उशीर त्या नजरेत नव्हता.

“मिंडी,” आई म्हणाली. “आलीस गं, राणी?”

इतकं सोपं होतं ते. आयुष्यभर ज्या आवाजासाठी अक्षर गिरवलं तो आवाज खोलीत होता, उबदार, तरुण, मध्ये कुणीही उभं नसलेला. नाही म्हणायचं होतं. मी आर्मिंडा, आई, ती दुसरी, जी मोठी झाली, जी जगली, असं म्हणायचं होतं. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हो, आई.”

“थंडी वाजत नाही ना तिथं?”

“नाही.”

“मी ती वेल लावलीय ना. ओबेडबाबांच्या अंगावरची थोडी काढून घेतली. त्यांना काय, ते म्हातारे. म्हटलं पांघरूण हवं पोरीला.” आई हसली. खट्याळ, चोरी पचलेल्या मुलीसारखी. मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “तिला सांगू नकोस हं.”

“कुणाला?”

“ती येते ना इथं. चष्म्याची बाई. भली आहे. तिला माहीत नाहीये.” आईनं तिचे दोन्ही हात धरले. “तुझं नाव तिला दिलं मी. हॉलिस म्हणाला, आपल्यात देतात, ओबेडबाबांपासून देतात. सगळं नाही दिलं पण. मिंडी ठेवून घेतलं. तेवढी एक फळी मी ठेवून घेतली.”

“का दिलंस, आई?” तिचा आवाज लहान मुलीचा निघाला, तो तिनं काढला नव्हता.

“हाक मारायला नको का? नाव नसतं तर तुला हाक कशी मारली असती मी? लोक वेडी म्हणाले असते. म्हणून तोंडानं आर्मिंडा म्हणायचे, अंगणात उभी राहून, मोठ्यानं. तुला मारायचे गं हाक.” आईच्या कपाळावर एक आठी आली, जुन्या, न सुटलेल्या कोड्याची. “आणि दर वेळी तीच यायची.”

खिडकीबाहेर एक गाडी मागे घेत होती, तिचा टीं-टीं आवाज येत होता. “दर वेळी?” आर्मिंडानं विचारलं. उत्तर द्यायला आईला फार वेळ लागला नाही.

“दर वेळी. धावत यायची, बिचारी. गुडघे फुटलेले असायचे. काय आई, म्हणायची. मग मी काहीतरी काम सांगायची.” आईनं तिचा हात थोपटला. खुर्चीत मागे रेलली, तुरा मुठीत धरून, आणि डोळे मिटून म्हणायला लागली. पहिलं कडवं नाही. पुढचं, जे नव्हतंच:

नाव मोडली मोडली, पाणी वाहून गं गेलं
एका फळीवर माझ्या, नाव कोरायचं ऱ्हायलं

आवाज फाटका होता, पण सुरात होता. आर्मिंडानं ते ऐकलं. इतकी वर्षं पाण्यात पाय बुडवून उभं असलेलं गाणं पलीकडच्या काठाला लागलं होतं, आणि तिथं ती नव्हती. गाणं संपल्यावर आई डोळे न उघडता म्हणाली, “जा आता, राणी. जेवणाची वेळ झाली. ती येईल इतक्यात.”

ती उठली. स्टूल आवाज न करता भिंतीला लावलं. आरसा पर्समध्ये होता, त्याची कड बोटांना लागली. कॉरिडॉरमध्ये येऊन दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिली. ताटांची गाडी पलीकडच्या वळणावर गेली होती, तिच्या चाकांची कुरकुर लांब लांब जात होती. दोन्ही बाजूंना दिव्यांखाली पुसलेली, चकचकीत, लांबलचक फरशी. आतून हालचाल ऐकू आली, खुर्चीची, शालीची. मग आईनं हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदा, सगळंच्या सगळं नाव घेऊन, अंगणात उभं राहून मारावी तशी.

“आर्मिंडा!”

तिचे पाय हलले. जन्मभराचे शिकलेले पाय, त्यांना काय कळणार? तिनं भिंतीला हात लावून त्यांना धरून ठेवलं, आणि कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांकडे पाहत राहिली, आज तरी दुसरं कुणी येतंय का ते.

“आर्मिंडा! अगं ए!”

कुणी येत नव्हतं.